लाळेच्या नळीतून आलेला उंचीचा अंदाज

घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून शरीराच्या मोजता येण्याजोग्या गुणांचा जनुकीय अहवाल देणारी एक सेवा मी नुकतीच वापरली. नमुना घेण्याची व्यवस्था उत्तम आहे. अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, फेस न धरता नळीवरच्या रेषेपर्यंत लाळ भरायची आणि टोपण घट्ट फिरवायचे, की टोपणातला द्रव आपोआप लाळेत मिसळतो.

माझी तक्रार उंचीच्या पानाबद्दल आहे. तेथे एका वर्तुळाचा बराचसा भाग हिरवा रंगवून खाली ‘तुमची 80 टक्के उंची आनुवंशिक आहे’ असे लिहिले आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून सुमारे 80 टक्के हा आकडा येतो, हे खरे. पण तो कोणा एकाच्या उंचीतला वाटा सांगत नाही, तर एखाद्या समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांतील भेदांमुळे पडतो, एवढेच सांगतो. दिव्याच्या उजेडात तेलाचा वाटा किती आणि वातीचा किती, हे जसे सांगता येत नाही, तशीच माझ्या 168 सेंटिमीटरची वाटणी करता येत नाही. शिवाय हा आकडा परिस्थितीनुसार बदलतो: सर्वांनाच सकस अन्न मिळू लागले, तर आहारामुळे पडणारा फरक घटतो आणि आनुवंशिकतेची टक्केवारी वाढते. टक्केवारी मोठी म्हणून परिस्थिती दुबळी, असेही नाही. दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. एवढ्या थोड्या काळात जनुके काही तितकी बदलत नाहीत.

अहवालाने माझी उंची 174 सांगितली. सहा सेंटिमीटरच्या या चुकीचे मला आश्चर्य वाटले नाही. 2022 मध्ये सुमारे 54 लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी निगडित 12,111 जनुकीय भेद प्रसिद्ध झाले. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांवरून उंचीतील सुमारे 40 टक्के फरक उलगडतो, इतर वंशांत बराच कमी. खटकले ते हे, की अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो याचा अहवालात उल्लेखच नाही.

दोन्ही दुरुस्त्या मी कंपनीला कळवल्या. आभाराचे उत्तर आले, पान मात्र तसेच आहे. मुलाच्या उंचीच्या काळजीने ही चाचणी मागवणाऱ्या पालकांना मी तूर्त नकोच म्हणेन: आईवडिलांच्या उंचीची सरासरी आणि मुलाच्या वाढीची नियमित नोंद, एवढ्यावरून बालरोगतज्ज्ञ अधिक उपयोगी सल्ला देऊ शकतात.