काळ्या ग्रॅनाइटला विहीर समजणारा रोबो

एकसष्टीला मुलानं झाडू मारणारा रोबो पाठवला, 27 हजारांचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार या यंत्रांच्या अख्ख्या जातीबद्दल आहे.

आधी चांगलं सांगते. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मेट्रोचं काम आणि चहूबाजूंनी उठणारे टॉवर, त्यामुळे सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटानं नाव लिहून घ्या. त्या धुळीला हा गडी पुरून उरतो. पहिल्याच दिवशी दिवाणाखालून केसांचे पुंजके, दोन टिकल्या आणि गेल्या दिवाळीची रांगोळी काढली. आवाज मिक्सरपेक्षा कमी, कुकरपेक्षा जास्त वेळ.

डोक्यावरच्या बुटक्या मनोऱ्यात लेझर गरगर फिरतो आणि अंतरं मोजून घराचा नकाशा काढतो. नकाशा झकास आला, फक्त कपाटाच्या आरशापलीकडे त्यानं नसलेली एक खोली काढली. बिल्डरला दाखवू नका, तिचेही पैसे लावेल.

खरी गंमत स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथं चार इंचांची काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे, फरशीच्या अगदी सपाटीला. रोबो तिथवर येतो, दचकतो, मागे फिरतो. भांडीवाल्या लताबाई म्हणाल्या, "ताई, ह्याला मोतीबिंदू झालाय." मी तीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात एक्स-रे काढले, त्यामुळे लगेच कळलं. जिन्यावरून पडू नये म्हणून याच्या पोटाखाली इन्फ्रारेडचे डोळे असतात. किरण फरशीवर आपटून परत आला की जमीन आहे, नाही आला की खड्डा. काळा दगड किरण गिळतो, म्हणून त्याला तिथं विहीर दिसते. आमच्या फिल्मवर किरण पोचला की काळं व्हायचं, इथं काळ्यावर गेलेला किरण परतच येत नाही. सर्व्हिसवाल्यांचा सल्ला, "मॅडम, फरशी बदलता येते का बघा."

आणि खोक्यावर छापलंय, "आमचं स्वतःचं क्रांतिकारी तंत्रज्ञान." जन्मभर सरकारी यंत्रांवर काम केलेल्या बाईला हे खुपतं. चपला ओळखायला पुढे जो कॅमेरा बसवलाय, त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सीमॉस चिपचा आजचा अवतार 1990 च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला, यानांवरचे कॅमेरे लहान करायला. 2002 मध्ये रूम्बा हा झाडू मारणारा रोबो आणणाऱ्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी त्याआधी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर पॅकबॉट हा लष्करी रोबो बनवला होता. त्याच खात्याच्या संशोधन संस्थेनं, डार्पानं, 2004 मध्ये मोजावे वाळवंटात बिनड्रायव्हर गाड्यांची शर्यत लावली. सगळ्यात पुढची गाडी 12 किलोमीटरही गेली नाही. पुढच्या वर्षी पाच गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. म्हणजे अडखळण्याचा खर्च तिकडच्या करदात्यांनी उचलला. आमचा रोबो ग्रॅनाइटपाशी अडतो तेव्हा मला ती पहिल्या वर्षीची गाडी आठवते, आणि थोडी दयाही येते.

उपाय म्हणून पोटाखालच्या डोळ्यांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली. स्वारी थेट स्वयंपाकघरात! पण तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये इंचभर खाली उतरली आणि ओल्या लादीवर गोल गोल फिरत बसली. जिना असलेल्या घरात हा प्रयोग कुणी करू नये.

शेवटी डोळे मोकळे केले आणि पट्टी ग्रॅनाइटवरच चिकटवली. सूनबाईला ते दवाखान्यासारखं दिसतं, पण काम झालं. पाचपैकी साडेतीन तारे. झालरीच्या पायपोसात अजून अडकतो, आणि लताबाई लादी पुसतात तेव्हा ग्रॅनाइटवरची पट्टी सुटते, ती दर पंधरा दिवसांनी नवी लावते.