एक्सेल २०१६ वरच राहायचं की २०२४ घ्यायचं?

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की बहुतेक वेळा बटणांचे कोपरे गोल होतात आणि सवयीचा एखादा मेनू दोन क्लिक लांब जातो. असल्या अपग्रेडच्या वाटेला मी सहसा जात नाही. एक्सेल २०१६ किंवा २०१९ वापरणाऱ्याला मात्र मी ‘बदला’ म्हणेन, आणि तेही मुख्यतः एका फंक्शनसाठी: एक्सलूकअप, म्हणजे यादीत एखादा कोड शोधून त्याच्या ओळीतली हवी ती माहिती आणून देणारं फंक्शन. ते २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. २०२१, २०२४ आणि ३६५ (वर्गणीवर चालणारं एक्सेल) मध्ये आहे.

हेच काम करणाऱ्या जुन्या व्हीलूकअपला, उत्तर कुठल्या कॉलममधून आणायचं ते नंबराने सांगावं लागतं. समजा मालाच्या यादीत कोड, नाव, गट आणि चौथ्या कॉलमात शिल्लक नग आहेत. फॉर्म्युल्यात आपण ४ लिहितो आणि विसरतो. काही महिन्यांनी कुणीतरी शिल्लकेच्या आधी ‘किमान साठा’ हा कॉलम घालतं. एक्सेल रेंज आपोआप वाढवतं, पण तो ४ काही हलत नाही. आता शिल्लक म्हणून किमान साठा दिसू लागतो. गोदामात ४ नग, शीटवर ५०. एरर नाही की काही नाही, आकडा अगदी आकड्यासारखा. माझ्या एका शीटमध्ये हे जवळपास महिनाभर चाललं होतं, आणि उघडकीला आलं ते माल संपल्यावर.

दुसरा खड्डा याहून जुना. व्हीलूकअपचा शेवटचा भाग लिहायचा राहिला, तर तो ‘जवळपास जुळणारं’ शोधतो. यादी क्रमाने लावलेली नसेल तर मग भलतंच काहीतरी हातात ठेवतो, तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

एक्सलूकअपमध्ये कुठे शोधायचं आणि कुठून आणायचं, हे दोन कॉलम थेट निवडायचे. मध्ये कितीही कॉलम घाला, फॉर्म्युला त्यांना धरून सरकतो. डावीकडचा कॉलमही चालतो. वेगळं काही सांगितलं नाही तर तो तंतोतंत जुळणारंच शोधतो. नाही सापडलं तर काय दाखवायचं, हेही त्यातच लिहिता येतं, त्यामुळे बाहेरून इफएरर (एरर आली तर तिच्याजागी दुसरं काही दाखवणारं फंक्शन) गुंडाळावा लागत नाही. (इफएरर फॉर्म्युल्यातली खरी चूकसुद्धा झाकून टाकतो, ते दुखणं वेगळंच.) शेवटून शोधायचीही सोय आहे. एखाद्या मालाची सर्वांत खालची नोंद काढायला आधी लूकअपला २ शोधायला लावून १ ला अटीने भागायचा तो जुगाड करावा लागायचा. जुगाड चालायचा, पण का चालतो हे समजावून सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

व्हीलूकअपऐवजी इंडेक्स-मॅच (इंडेक्स आणि मॅच ही दोन फंक्शनं जोडून शोधणं) वापरणाऱ्यांना यातला निम्मा त्रास आधीपासूनच नाही. त्यांच्या कामाची गोष्ट दुसरी आहे: फिल्टर, सॉर्ट आणि युनिक ही फंक्शनं; म्हणजे अटीने गाळणं, क्रम लावणं आणि एकेकच नाव काढणं. २०१६ मध्ये ग्राहकांची एकेक नावं वेगळी काढायची तर यादी कॉपी करून ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ मारायचं, आणि नवी नोंद आली की पुन्हा तेच. पिव्होट (यादीचा सारांश तक्ता) केलं तर रिफ्रेश करायचं राहून जातं. नव्यात एका सेलमध्ये फॉर्म्युला लिहिला की उत्तर खाली आपोआप पसरतं. मूळ यादीचं टेबल केलेलं असेल तर नव्या ओळीही त्यात येतात. फक्त पसरायला जागा मोकळी हवी. वाटेत मर्ज केलेली (दोन-चार एकत्र जोडलेली) सेल आली की स्पिल एरर, आणि टेबलच्या आत तर हे फॉर्म्युले पसरतच नाहीत. मर्ज करून शीट नटवायची सवय असणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात जरा धीर धरावा.

अपग्रेड अडतं ते फाइल दुसऱ्याला पाठवताना. समोर २०१६ असेल तर एक्सलूकअपची शीट उघडते, जुनी उत्तरंही दिसतात, पण त्या फॉर्म्युल्याचा हिशोब पुन्हा झाला की तिथे नेम एरर येते, कारण जुन्या एक्सेलला ते नावच ओळखू येत नाही. म्हणजे सकाळी ठीक असलेली फाइल दुपारी बिघडल्यासारखी वाटते आणि फोन तुम्हाला येतो. फाइल पाच जणांत फिरत असेल तर पाचही जणांनी बदला, नाहीतर सामायिक शीटमध्ये इंडेक्स-मॅचच ठेवा.

शिवाय २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेटही थांबले. अनोळखी लोकांकडून आलेल्या फायली रोज उघडणाऱ्याने एवढ्याच कारणासाठीही बदलायला हरकत नाही. २०२१ आता घेऊ नका. त्याचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. २०२४ ला तो ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत मिळेल.

२०२४ चे पैसे एकदाच भरायचे, पण मग पुढची नवी फंक्शनं मिळत नाहीत. ३६५ ला वर्गणी भरत राहावी लागते, आणि सुधारणा येत राहतात. त्यातली माझी आवडती २०२३ मधली: टाइप केलेल्या ००७१२ मधली पुढची शून्यं उडवू नकोस, अक्षरं-आकडे मिसळलेल्या कोडची तारीख करू नकोस, असं एक्सेलला सेटिंगमध्ये सांगता येतं. या तारखेच्या खोडीपायी शास्त्रज्ञांनी २०२० पर्यंत काही जनुकांची नावंच बदलली होती; ‘मार्च १’ चं ‘मार्चएफ १’ झालं.

पैसे खर्च करायचेच नसतील तर लिब्रेऑफिस हा फुकट मिळणारा ऑफिस-संच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या २४.८ आवृत्तीपासून त्यात एक्सलूकअप, फिल्टर, सॉर्ट, युनिक सगळं आहे. नुसत्या याद्या आणि बेरजा करणाऱ्याला ते पुरून उरेल. एक्सेलचे मॅक्रो (कामं आपोआप उरकणारे छोटे प्रोग्राम) मात्र तिथे सगळेच नीट चालत नाहीत.

मॅक्रोंवर तुमचं काम चालत असेल तर २०२४ घेतानाही एक गोष्ट तपासा. २०१९ पासून ऑफिस आपणहून ६४ बिटचं बसतं, आणि ३२ बिटसाठी लिहिलेले, विंडोजची अंतर्गत फंक्शनं बोलावणारे जुने मॅक्रो त्यात अडतात. सगळ्यांत जुनी मॅक्रो फाइल आधी दुसऱ्या कुणाच्या तरी नव्या एक्सेलवर चालवून बघा, मग पैसे भरा.