सुपर एटच्या नावाखाली माझे ३९,७५० रुपये गेले

आकडा आधी सांगते, कारण घरी अजून तो पूर्ण सांगितलेला नाही. सुपर एट या जुन्या घरगुती फिल्मचा कॅमेरा १४,५०० रुपये. फिल्मच्या चार कार्ट्रिज, म्हणजे बंद डब्या, प्रत्येकी ३,२०० प्रमाणे १२,८००. त्या धुऊन स्कॅन करून देण्याचे प्रत्येकी २,७५०, म्हणजे ११,०००. शिवाय ‘कुरिअरचा विमा’ म्हणून १,४५०. एकूण ३९,७५०. दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेल्या साठ हजारांतले हे पैसे. बदल्यात माझ्याच मोबाइलचा व्हिडिओ मला परत मिळाला, वर धुळीचा फुकट मिळणारा थर चढवून.

माझी ही पहिलीच शॉर्ट फिल्म. बारा मिनिटांची, त्यातली तीन दृश्यं १९७४ सालची. आमच्या गावच्या घरात, माजघरात आणि मागच्या अंगणात, आत्याला घेऊन करायची होती. जुन्या फिल्मचा लूक मोबाइलवर करून पाहिला होता, पण तो वरून चिकटवल्यासारखा दिसायचा. मग सुपर एटबद्दल वाचलं. १९६५ साली घरगुती चित्रीकरणासाठी आलेली ही फिल्म ५० फुटांच्या बंद कार्ट्रिजमध्ये मिळते. ती नुसती कॅमेऱ्यात सरकवायची. नवख्या माणसालाही जमेल असं वाटलं. त्याच आठवड्यात एका विक्रेत्याची जाहिरात समोर आली: ‘नवोदितांसाठी कमी बजेटमध्ये खरी फिल्म. कॅमेरा, कार्ट्रिज, धुलाई, स्कॅन, सगळं एकाच ठिकाणी.’

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. आधी कॅमेऱ्याचा चालता व्हिडिओ मागवला. त्याने पाठवला, मोटरचा आवाज ऐकवला. जुन्या लाइटमीटरला लागणारे पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत हे त्याने स्वतःहून सांगितलं आणि त्यावरचा उपायही दिला. इतकी खरी माहिती देणारा माणूस खोटा असेल असं कुणाला वाटेल? कॅमेरा आला, तो खरोखर चालत होता. चोराने निम्मा माल खरा दिला की उरलेल्या निम्म्याबद्दल आपण विचारतच नाही.

पहिली खूण कार्ट्रिजच्या खोक्यावरच होती. ‘कोडाक्रोम ४०’. कोडॅकची जुनी रंगीत फिल्म. मी ते नाव वाचलं आणि हरखून गेले. तेव्हा थांबून पाच मिनिटं शोधलं असतं तर कळलं असतं, की कोडाक्रोमचे रंग फिल्ममध्ये आधीपासून नसतात, ते धुताना घातले जातात आणि त्यासाठी के-१४ नावाची वेगळीच प्रक्रिया लागते. कोडॅकने सुपर एटची कोडाक्रोम ४० २००५ मध्ये बंद केली आणि कोडाक्रोम पूर्णपणे २००९ मध्ये. ती धुणारी शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात होती. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रिळं घेणं थांबवलं. म्हणजे माझ्याकडून ११,००० रुपये ज्या कामाचे घेतले, ते काम करणारी लॅबच उरलेली नव्हती. फार तर त्यातून कृष्णधवल चित्र निघालं असतं. मी विचारलंही होतं, “फिल्म जुनी आहे, रंग येतील ना?” तो म्हणाला, “ताई, आमची लॅब बाहेरदेशी आहे, तुम्ही काळजी करू नका.” लॅबचं नाव मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. नाव सांगितलं तर त्या लॅबला स्वतः मेल करा.

दुसरी खूण अजून मला झोपू देत नाही. त्याने सांगितलं, “प्रत्येक शॉट घेताना कॅमेऱ्याशेजारी मोबाइल लावून रेफरन्स व्हिडिओ घ्या. पूर्ण शॉट, तेवढ्याच लांबीचा. स्कॅन करणाऱ्याला रंग जुळवायला लागतो.” मला ते पटलं. रंग जुळवायला संदर्भ देतात हे मी ऐकून होते. पण त्यासाठी एक फोटो पुरतो. अख्खा शॉट कशाला? हा प्रश्न मला त्या दिवशी अंगणात उभी असताना पडला होता. मी तो मोठ्याने विचारलाही, भाऊ म्हणाला, “असेल काहीतरी त्यांचं तांत्रिक.” आणि मी मान डोलावली. १९ जानेवारीला शेवटचे पैसे भरले, कार्ट्रिज आणि रेफरन्सच्या फाइल्स पाठवून दिल्या.

६ मार्चला चार फाइल्स आल्या. कचरा, ओरखडे, कडेने येणारा नारिंगी उजेड, हलणारी चौकट. मला रडू आलं इतकं छान वाटलं. तेवढ्यात माजघरातल्या दृश्यात आत्याच्या बोटांवरून फोकस सुटला आणि परत आला. मी ते पाहिलं. त्या सुपर एट कॅमेऱ्यात ऑटोफोकस नाही. मी स्वतः टेपने अंतर मोजून, रिंग फिरवून फोकस लावला होता. असा शोधत शोधत येणारा फोकस मोबाइलचा असतो. हे मला माहीत होतं, आणि तरी मी स्वतःला समजावलं की जुनी लेन्स आहे, होत असेल. पाच दिवस मी ती फाइल लोकांना कौतुकाने दाखवत फिरले. याची लाज पैशांपेक्षा जास्त आहे.

११ मार्चला एडिटिंग करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, “हा केस दर बारा सेकंदांनी त्याच कोपऱ्यात कसा येतो गं?” मग सगळं उलगडलं. फिल्मवरचा ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक दाणे, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो, इथे तो फिरून फिरून तोच येत होता. एक फाइल ४ मिनिटं ११ सेकंदांची होती. ५० फुटांची कार्ट्रिज सेकंदाला १८ फ्रेम्सच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंदांत संपते. आणि अंगणातला खांब. माझ्या कॅमेऱ्यातून तो तुळशी वृंदावनाला अर्धं झाकत होता, मोबाइलमधून नाही. ‘स्कॅन’मध्ये वृंदावन पूर्ण दिसतं.

कार्ट्रिज परत मागितल्या तर म्हणाला, लॅब नष्ट करते. धुतलेली फिल्म ही तुमची वस्तू आहे. रीळ परत मिळणार हे आधी लिहून घ्या, नाहीतर एक रुपयाही देऊ नका. आणि प्रत्येक कार्ट्रिजच्या सुरुवातीला असं काहीतरी टिपा जे मोबाइलच्या चौकटीत नाही, हातात धरलेली चिठ्ठीसुद्धा चालेल. ती स्कॅनमध्ये दिसली नाही तर स्कॅन खोटा.

आता पोलिसांचं. पहिल्या दिवशी दोन तास बसवून ठेवलं. मग विचारलं, “माल मिळाला ना?” मी लॅपटॉपवर फाइल दाखवली, फोकस दाखवला, तो केस दाखवला. साहेब म्हणाले, “मॅडम, एवढं छान दिसतंय की. मग फसवणूक कसली?” दुसऱ्या खेपेला दिवाणी वाद आहे म्हणाले. तिसऱ्या खेपेला, आरोपी दुसऱ्या राज्यातला आहे, तिकडे जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलमं छापून नेली होती. कागद न वाचताच टेबलाच्या कडेला सारला. बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलात, एवढंच उत्तर. हो, मीच टाकला. विश्वासाने पैसे देणाऱ्याची तक्रार तक्रार नसते का? एका वर्दीतल्या माणसाने तर जाता जाता सांगितलं, “छंदापायी एवढे पैसे घालवू नये.” मी तिथे सल्ला मागायला गेले नव्हते.

संशय आला की त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी केला तोवर पैसे भरून पन्नासहून जास्त दिवस झाले होते. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हे मला पोलिसांनी सांगितलं नाही, मीच शोधलं. तक्रार दाखल केली आहे. त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं फोनवर झालं असतं तर ती सिद्ध करणं अवघड गेलं असतं, म्हणून दर आणि वचनं लेखीच घ्या.

आणि ज्यांना नुसता लूकच हवा आहे त्यांनी आधी मोबाइल नीट वापरावा. सेकंदाला २४ फ्रेम्स, शटर १/५०, म्हणजे आपल्याकडच्या दिव्यांचा लुकलुकाटही येत नाही. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक. खिडकीचा उजेड, चौकट ४:३, शार्पनेस कमी. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत कोडॅक २३८३ या प्रिंट फिल्मचे लट (LUT, म्हणजे रंग बदलणाऱ्या तयार फाइल्स) येतात. ते लावून काळे रंग थोडे उजळ करा, ग्रेन सगळ्यात शेवटी. मी आता त्याच रेफरन्सच्या मूळ फाइल्सवर हे करते आहे. त्याच्या ‘स्कॅन’पेक्षा बरं दिसतं आहे, आणि खर्च शून्य.

गेल्या आठवड्यात त्याची जाहिरात परत पाहिली. नाव बदललं आहे, फोन नंबर बदलला आहे. खाली ‘अस्सल सुपर एट स्कॅन’ म्हणून नमुना लावला आहे. खिडकीपाशी हिरव्या लुगड्यातली एक बाई सुपात तांदूळ निवडते आहे आणि डाव्या कोपऱ्यातून दर बारा सेकंदांनी एक केस सरकतो. ती माझी आत्या आहे. तो व्हिडिओ दिसला तर पैसे पाठवू नका.