पेटी चरखा आणि कापूस: गेल्या दिवाळीपासूनच्या वापरानंतर

पेटीसारख्या मिटणाऱ्या या चरख्यावर सूत कातायचं, पण प्राण्यांपासून मिळणारा तंतू नको, म्हणजे लोकर नको आणि रेशीमही नको, हे आधीच ठरलेलं होतं. "कापूस नवशिक्याला जमत नाही" हे बरेच जण सांगत होते. इतके महिने कातल्यावर माझं मत असं की कताई अडते ती बहुतेक वेळा पेळूपाशी, म्हणजे कातण्यासाठी पिंजून वळलेल्या कापसाच्या गुंडाळीपाशी.

पहिले पेळू ऑनलाइन मागवले होते. दाबून भरलेले, आत बारीक गाठी. दर हातभर सुताला तुटायचे. नंतर खादी केंद्रातून हलके, पोकळ पेळू आणले आणि त्याच चरख्यावर सूत सलग निघायला लागलं. पेळू चिमटीत फक्त धरायचा, दाबायचा नाही. उजव्या हाताने चाक फिरवत डावा हात मागे न्यायचा. पीळ आधी बारीक जागी शिरतो, जाड जागा सैल राहते. हात तसाच मागे नेला की तीही ताणून बारीक होते. हे डोळ्यांसमोर घडताना बघणं हाच मला यातला सगळ्यात मोठा आनंद वाटतो.

आपल्याकडच्या नेहमीच्या कापसाचा तंतू साधारण 25 ते 30 मिलिमीटरचा, म्हणजे आखूड, त्यामुळे त्याला पीळ भरपूर लागतो. पेटी चरख्याची दोन चाकं चातीला, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या सळईला, तेवढा वेग देतात. गांधीजींच्या येरवडा तुरुंगातल्या प्रयोगांमुळे याला येरवडा चरखाही म्हणतात. मिटला की कपाटात मावतो, फ्लॅटमध्ये फार सोयीचं. तक्रार एकच: चाती जराही वाकली की थरथरते आणि सूत टोकाशी तुटतं. घेतानाच फिरवून बघा. माळही (चाकावरून चातीला फिरवणारी दोरी) अधूनमधून ताणून घ्यावी लागते.

टकळी (हाताने फिरवायची छोटी चाती) स्वस्त आहे, पीळ समजायला उत्तम. पण रोज कातायचं असेल तर चरखाच घ्या.

बांबूचा म्हणून मिळणारा तंतू बहुधा व्हिस्कोसच, म्हणजे लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने काढलेला तंतू असतो. दिसतो सुंदर, पण गुळगुळीत, हातातून निसटतो. सावरीचा कापूस उशीतच बरा, नुसता कातला जात नाही. जवसाचा तंतू लांब असतो, ओल्या बोटांनी कातावा लागतो, तो नंतर.

सूत झालं की त्याची लडी (गुंडाळून केलेली मोकळी जुडी) बांधून चिमूटभर धुण्याच्या सोड्यात उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं, तंतूवरचं मेण निघतं आणि पीळ बसतो. माझ्या दुपदरी सुताचे हातरुमाल विणून झालेत, आता टॉवेल मागावर आहे.