गर्भाशयाचं माप नीट समजावून सांगणारा दवाखाना
आधीच्या ठिकाणी "गर्भपिशवी लहान आहे, अवघड आहे" एवढंच सांगून रिपोर्ट हातात दिला होता. सहा महिने मी रोज रडले. मग वहिनी इथे घेऊन आली. मॅडमनी स्वतः आतून सोनोग्राफी केली आणि स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं: लांबी ६.८ सेंटीमीटर. मूल न झालेल्या बाईची साधारण ६ ते ८ असते म्हणाल्या. "अगं, पिशवी बाळाबरोबर वाढते. खरंच अविकसित असती तर पाळीत बहुधा गडबड दिसली असती." नंबरला दीड तास लागतो, बाकड्यापर्यंत पंख्याचा वारा येत नाही. पण नवऱ्यालाही आत बोलावून सगळं परत सांगितलं, त्याच्या वीर्यतपासणीची चिठ्ठीही तेव्हाच दिली. याआधी ती कुणीच दिली नव्हती.