अनस्प्लॅश रिव्ह्यू, पण चित्र काढणाऱ्यांच्या नजरेतून

वॉलपेपर आणि प्रेझेंटेशनसाठी अनस्प्लॅश ही फुकट फोटोंची साइट कशी आहे यावर ढिगाने लिहून झालंय, त्यात माझी भर नको. मी ही साइट एकाच कामासाठी वापरते, पेंटिंगला रेफरन्स, म्हणजे बघून काढायला फोटो शोधायला, त्यामुळे तेवढ्यापुरतंच लिहिते. मत आधीच सांगून टाकते. रेफरन्स बघायला साइट मस्त आहे, पण तिथला एक अख्खा फोटो उचलून जसाच्या तसा कॅनव्हासवर उतरवायचा आणि खाली ऐटीत स्वतःची सही ठोकायची असा बेत असेल तर जरा थांबा, आणि अडचण लायसन्सची नाहीये.

लायसन्सचं आधी उरकून घेऊ. साइट २०१३ ची, २०२१ मध्ये गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीने विकत घेतली. सुरुवातीला फोटो सीसी झीरो (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, खुल्या वापराची तयार लायसन्सेस) खाली असायचे म्हणजे फोटोग्राफरने हक्क सोडून दिलेले, २०१७ मध्ये त्यांनी स्वतःचं लायसन्स आणलं. आत्ता असं आहे की फोटो फुकट घ्या, विकायच्या कामालाही वापरा, कोणाला विचारायला नको, फोटोग्राफरचं नाव देणं सक्तीचं नाही पण दिलंत तर त्यांना आवडेल. एक अट मात्र बरेच जण वाचतच नाहीत, फोटोत लक्षणीय बदल केल्याशिवाय तो विकता येत नाही. हाताने केलेलं वॉटरकलर हा लक्षणीय बदल आहे असं मला तरी वाटतं, पण जे लोक फोटो ॲपमध्ये टाकून ऑइल पेंटिंगचा फिल्टर मारतात आणि त्याच्या प्रिंट विकतात त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. आणि दुसरं म्हणजे परवानगी फोटोची मिळते, फोटोत जे जे दिसतंय त्याची नाही. ओळखू येणारा चेहरा, कंपनीचा लोगो, भिंतीवर कोणीतरी रंगवलेलं म्युरल, यातलं काहीच त्यात येत नाही, तसं त्यांच्या टर्म्समध्येच लिहिलंय. म्युरलचा झकास फोटो सापडला म्हणून तो रंगवायला घेतलात तर तुम्ही दुसऱ्या पेंटरचं चित्र कॉपी करताय, फोटोग्राफर तिथे नुसता मधला माणूस.

आता मुद्द्याचं. एखादा चांगला पोर्ट्रेट फोटो उघडा आणि डोळ्यांवर झूम करा. बुबुळावर पांढरा ठिपका दिसेल. चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओतला कापडाने झाकलेला लाइट), गोल कडं असेल तर रिंगलाइट, दोन ठिपके असतील तर बहुतेक दोन लाइट. तो ठिपका आपण शेवटी पांढऱ्या गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) श्वास रोखून ठेवतो ना, आणि चेहऱ्यात जीव आला म्हणून खूश होतो, तो लाइट तिथे फोटोग्राफरने लावलेला असतो. किंवा त्याने माणसाला खिडकीपाशी बसवलेलं असतं. नाकाची सावली ओठापर्यंत यायची का नाही, एक गाल अंधारात जायचा का नाही, मान किती वळवायची, कॅमेरा डोळ्यांच्या लेव्हलला का थोडा खालून, हे सगळं ठरवून झाल्यावर फोटो आपल्या हातात येतो. लेन्सचं पण तेच. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात, ग्रिड टाकून, म्हणजे फोटोवर चौकोन आखून उतरवलं की ते नाक तसंच चित्रात येतं आणि बघणाऱ्याला एका सेकंदात कळतं की हे फोटोवरून आहे. मागचे धूसर गोल गोल दिवे रंगवणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, अहो पण मेहनत माझीच आहे ना. आहेच की. ड्रॉइंग तुमचं, रंग तुम्ही कालवले, कुठली कड सोडायची आणि कुठली धारदार ठेवायची ते तुम्ही ठरवलं, आणि कागद भिजवून बसलेल्या माणसाला ते किती अवघड असतं ते माहितीये. पण मांडणी, प्रकाश आणि नेमका क्षण हे दुसऱ्याचं, आणि चित्र बघून लोक वाहवा करतात ती बरेचदा त्यालाच असते. म्हणून लायसन्सने माफ केलं तरी फोटोग्राफरचं नाव लिहायला हवं असं माझं मत. कॅप्शनमध्ये ‘रेफरन्स फोटो: अमुक तमुक, अनस्प्लॅश’, चित्राच्या मागे पण तेच. एका ओळीने चित्राची किंमत कमी होत नाही, उलट न लिहिता कोणीतरी मूळ फोटो शोधून कमेंटमध्ये आणून टाकला की होते, आणि इमेज सर्चमुळे ते आता कोणालाही जमतं.

फोटो उलटा फ्लिप केला की चालतं, ३० टक्के बदलला की चालतं, ही जी गणितं चित्रकारांच्या ग्रुपमध्ये फिरतात त्याला काही अर्थ नाही, टक्क्यांचा असा कुठला नियमच नाही. लक्झेंबर्गची केस बघा. जिंगना झँग या फोटोग्राफरच्या फॅशन फोटोतली पोझ जेफ डीशबर्ग या चित्रकाराने आरशातल्यासारखी उलटी करून ऑइलमध्ये रंगवली, त्या चित्राला बक्षीस पण मिळालं. झँगने केस केली, २०२२ मध्ये खालच्या कोर्टात ती हरली, पण २०२४ मध्ये अपिलात जिंकली. अमेरिकेत तर अँडी वॉरहॉलसारख्या प्रसिद्ध चित्रकाराचं नाव पण पुरलं नाही. फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथने १९८१ मध्ये काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या फोटोवरून वॉरहॉलने चित्रमालिका केली होती, त्यातलं एक चित्र नंतर मासिकाला छापायला दिलं गेलं, त्यावरून वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२३ मध्ये ७ विरुद्ध २ ने निकाल फोटोग्राफरच्या बाजूने लागला. अनस्प्लॅशवरच्या फोटोला कोर्टाची ही भीती जवळजवळ नाही आणि साइटचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, गुगलवरून किंवा पिंटरेस्टवरून उचललेल्या फोटोला हे कवच नसतं.

दुसऱ्या टोकाचे लोक पण आहेत, फोटोवरून काढणं म्हणजेच चीटिंग म्हणणारे. त्यांचंही मला पटत नाही. मोठ्या चित्रकारांचंच बघा, दलाक्रुआ फोटो समोर ठेवून ड्रॉइंग करायचा, देगा स्वतः फोटो काढायचा, नॉर्मन रॉकवेलचं तर बरंचसं काम फोटोंवर उभं आहे. पण रॉकवेल मॉडेल स्वतः निवडायचा, कपडे आणि सामान जमवायचा, हावभाव कसे हवेत ते स्वतः करून दाखवायचा, कॅमेऱ्याचं बटण तेवढं दुसरा दाबायचा. म्हणजे निर्णय त्याचेच. आयता फोटो डाउनलोड करण्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग साइटचा उपयोग काय, तर माहितीसाठी. बकरीचा मागचा पाय नक्की कुठे वाकतो, ओल्या दगडावर चमक कुठल्या बाजूला येते, म्हाताऱ्या हातावरच्या शिरा कशा जातात, ही माहिती कोणाच्या बापाची नाही. मी एका विषयाचे बरेच फोटो उघडून छोटी छोटी स्केचेस करते, मग सगळे टॅब बंद करून मांडणी स्वतः करते. आकाश एका फोटोतलं आणि झाड दुसऱ्यातलं असं जोडकाम करणार असाल तर प्रकाशाची दिशा जुळवून घ्या नाहीतर झाडाची सावली सूर्याकडेच पडते, आणि अशी चित्रं भरपूर बघितलीत. फोटो मोठ्या साइझमध्ये मिळतात, सर्चमध्ये आडवे-उभे आणि रंगाचा फिल्टर आहे, हे चांगलं. वाईट म्हणजे बरेच फोटो एडिट करून गोडगोड केलेले, सावल्या निळसर-हिरवट आणि बाकी सगळं नारिंगी, ते रंग तसेच घेतले की चित्र इन्स्टाग्रामसारखं दिसतं. त्याहून मोठी गोची अशी की ‘कोल्हा’ टाकल्यावर पहिल्या ओळीत जो कोल्हा येतो तो तुम्हाला आवडला तसा अजून शेकडो जणांना आवडलेला असतो, त्यामुळे तोच कोल्हा तशीच मान वाकडी करून सगळ्यांच्या वॉटरकलरमध्ये बसलेला दिसतो. निदान दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत तरी जा.

पक्षी, झाडं, जुन्या वास्तू हवं असेल तर मी विकिमीडिया कॉमन्सकडे, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या खुल्या फोटोसंग्रहाकडे जाते. फोटो कमी देखणे पण जास्त प्रामाणिक, आणि पक्ष्याची जात लिहिलेली असते. फक्त तिथे प्रत्येक फोटोचं लायसन्स वेगळं. क्रिएटिव्ह कॉमन्सपैकी सीसी बाय असेल तर नाव देणं सक्तीचं, शेअरअलाइक असेल तर त्यावरून केलेलं चित्रही तुम्हाला त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं, हे विकायच्या कामाआधी बघा.

स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला पाठवायचं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्यांचे नियम वाचा. खूप ठिकाणी रेफरन्स स्वतः काढलेलाच लागतो, फुकट लायसन्सचा फोटो दाखवून तिथे काही होत नाही.

एक सवय लावून घ्या, डाउनलोड केल्या केल्या फोटोग्राफरचं नाव, लिंक आणि तारीख लिहून ठेवा. लायसन्स बदलतात, पिक्साबे या अशाच फुकट फोटोंच्या साइटने पण २०१९ मध्ये सीसी झीरो सोडून स्वतःचं आणलं, आणि फोटो काढूनही टाकले जातात, मग कुठल्या अटीवर घेतला होता ते सांगायला तुमच्याकडे काहीतरी हवं.

रेटिंग द्यायचंच तर अभ्यासाला आणि सरावाला ५ पैकी ५, स्वतःच्या चित्रासाठी माहिती गोळा करायला ४, एक फोटो घेऊन तसाच रंगवून विकायला २. सर्चमध्ये मधेमधे अनस्प्लॅश प्लसचे फोटो येतात, त्याला पैसे पडतात आणि लायसन्सही वेगळं आहे, चित्रकाराला ते घ्यायची गरज मला तरी दिसली नाही, त्यापेक्षा मोबाइल घेऊन बाहेर पडा.