सातशेचा स्कॅनर आणि 'ईसीएम गेलाय'

पावसाळा संपत आला की आपल्याकडे इंजिनचा पिवळा दिवा पेटलेल्या गाड्या वाढतात, आणि हायवेवरच्या काही दुकानदारांना हे गिऱ्हाईक लांबूनच ओळखता येतं. कणकवली ते कुडाळ पट्ट्यातल्या अशाच एका दुकानात मला गंडवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो.

माझी गाडी २०११ची पेट्रोल. चालायला ठणठणीत, फक्त दिवा जाईना. प्रत्येक वेळी गॅरेजवाल्याला नुसतं कोड वाचायचे पैसे देण्यापेक्षा ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे बिघाडाचा कोड मोबाईलवर दाखवणारी डबी, घ्यावा म्हणून गेलो. खोक्यावर छापलेलं: ईएलएम ३२७ (आतल्या चिपचं नाव), व्हर्जन १.५, सगळे प्रोटोकॉल (गाडीशी बोलायच्या पद्धती), एबीएस, एअरबॅग. किंमत सातशे. "काका, खंयच्याय गाडयेक चलता, डोळे मिटून घेवा," असं म्हणत त्याने तो बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या नव्या गाडीला लावून दाखवला. मोबाईलवर आरपीएम, टेंपरेचर भराभर नाचायला लागलं. मी पैसे दिले.

माझ्या गाडीला लावल्यावर त्याचा लाल दिवा लागला, ब्लूटूथही जुळलं, पण ॲप 'ईसीयूशी जोडत आहे' याच्या पुढे सरकेना (ईसीयू किंवा ईसीएम म्हणजे इंजिनचा संगणक). त्यावर साहेबांचं उत्तर तयार: "स्कॅनर ओके हा, तुमच्या गाडीतच फॉल्ट." शेजारच्या गॅरेजवाल्याला हाक मारली. त्याने आपलं मोठं मशीन लावलं, स्क्रीन स्वतःकडे वळवून धरली आणि जाहीर केलं, "ईसीएम गेलाय. अठरा हजार." कोड काय आला विचारलं तर म्हणे कोड येतच नाही, म्हणून तर ईसीएम गेला! अहो, ईसीएम मेला असता तर गाडी कुडाळहून इथवर आली कशी?

कुडाळच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने वाचलं तर सरळ पी ०१३५. म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. बॉनेट उघडून टॉर्च मारली, तर सेन्सरकडे जाणारी वायर उंदरांनी कुरतडलेली, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. जोड मारला, स्लीव्ह चढवली, काम संपलं.

मग त्या सातशेच्या डबीचं पोस्टमॉर्टेम केलं. आत एकच इवलीशी पट्टी आणि चिपच्या जागी काळ्या डांबराचा थेंब. मेकॅनिक हसला. म्हणाला, ही बिनकामाची नाही, फक्त कॅनवाल्या, म्हणजे स्कॅनरशी नव्या पद्धतीने बोलणाऱ्या, गाड्या वाचते. गंमत म्हणजे मूळ ईएलएम कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. १.४ नंतर थेट २.० आलं. तरी १.५ छापलेल्यांत काही नकला बऱ्या निघतात, तेव्हा छापील आकड्यावरून काहीच ठरवू नये, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

खरेदीआधी स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट टॉर्च मारून बघा. ६ आणि १४ नंबरच्या घरात धातूची पिन असेल तर बहुतेक कॅन, आणि स्वस्त स्कॅनर चालायची शक्यता चांगली. ती घरं रिकामी आणि ७ मध्ये पिन असेल तर गाडी जुन्या के-लाईनवर बोलते, आणि हलक्या नकला नेमक्या तिथेच मुक्या होतात. डबीचा दिवा लागण्याला काडीचा अर्थ नाही, तो १६ नंबरच्या पिनमधून थेट बॅटरीवर लागतो. (म्हणूनच ती लावून ठेवून गाडी आठवडाभर उभी केली तर बॅटरी बसू शकते.) आयफोनवाल्यांनी साधं ब्लूटूथ घेऊच नये, वायफाय किंवा बीएलईवालं (कमी विजेचं ब्लूटूथ) बघावं. एबीएस-एअरबॅगचे कोड या किमतीत सहसा मिळत नाहीत, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

डेमो आपल्याच गाडीवर घ्यायचा, पैसे त्यानंतर. कुणी नुसता कोड पुसून 'दुरुस्त केलं' म्हणाला तर पैसे देऊ नका. कोड पुसला की दिवा जातो, बिघाड तिथेच असतो, आणि बिघाडाच्या क्षणाची जी नोंद गाडी ठेवते तीही पुसली जाते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र स्कॅनर शोधत बसू नका. मिसफायर असतो (इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही), धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, गाडी बाजूला घ्या.

सातशे परत मागायला गेलो तेव्हा बिलावर फक्त 'इलेक्ट्रिक सामान' लिहिलेलं निघालं. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर 'ओबीडी स्कॅनर' आणि तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष लिहून घ्या. लिहायला का-कू करत असेल तर पुढचं दुकान बघा.